कानातला खडा

मेलेला मासा सापडला की आधी डोळा बघायचा. डोळा नितळ आणि कल्ल्यांत लाली असेल तर मासा ताजा, काल-परवा गेलेला. डोळ्यावर साय आली असेल, कल्ले पांढुरके पडले असतील तर शिळा. ही परीक्षा मला नोकरीवर कुणी शिकवावी लागली नाही. अलिबागच्या बाजारात आईच्या मागे पिशवी धरून उभी असायचे तेव्हाच ती अंगात मुरली होती. फरक इतकाच की इथे ताजा मासा घरी न्यायचा नसतो. त्याच्या जबड्यात नंबराचा बिल्ला अडकवून त्याला परत वाहत्या पाण्यात सोडायचं आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा हाती लागतो का ते बघायचं. बिल्लेवाल्यांपैकी किती परत सापडले, त्यावरून एकूण किती असावेत याचा हिशेब मांडता येतो. शिळ्या माशाचं मोजमाप झालं की कोयत्याने मधोमध दोन तुकडे, म्हणजे तोच मासा पुन्हा कुणाच्या मोजणीत येत नाही.

ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत मी हेच करते. कॅलिफोर्नियातल्या अमेरिकन नदीवर, निंबस धरणाच्या खालच्या अंगाला, चिनूक सामनची मढी मोजते. हुद्दा फील्ड टेक्निशियन, नोकरी हंगामी, पगार चारचौघांत सांगण्यासारखा नाही. फॉल्सममध्ये आमच्या गल्लीत बहुतेक घरी कुणी चिप डिझाइन करतं नाहीतर सॉफ्टवेअर. गणपतीत ओळख करून देताना "ही माशांचं काहीतरी करते" इथवर येऊन लोक थांबतात. सासूबाईंनी फोनवर विचारलं होतं, "सामन म्हणजे आपला रावसच ना गं?" रावसाला इंग्रजीत इंडियन सामन म्हणतात खरं, पण दोघांचं गोत्र वेगळं, असं मी सांगितलं. "बरं, मग लागतो कसा?" हा त्यांचा पुढचा प्रश्न, आणि तो रास्तच होता.

समुद्रातला चिनूक चंदेरी, तेलाने भरलेला आणि बाजारात महाग. नदीत शिरला की मात्र तो खाणं सोडतो. त्यानंतर प्रवाहाविरुद्ध पोहणं, नरांची आपसातली मारामारी, मादीचं खड्डा खणणं हे सगळं अंगातल्या चरबीवर, आणि ती संपली की मांसावर चालतं. चंदेरी रंग जाऊन अंग काळपट-तपकिरी होतं, नराचा जबडा पुढून वळतो, दात बाहेर येतात. अंडी घालून झाली की काही दिवसांत खेळ संपतो. चिनूकला विणीचा दुसरा हंगाम नाही. आम्हाला भेटेपर्यंत त्याच्यात खाण्यासारखं काही उरलेलं नसतं. उरतो तो वास. तो वेडर्सच्या, म्हणजे पाण्यात उतरायच्या लांब बूट-विजारीच्या, रबरात शिरतो, हातमोज्यांतून बोटांना लागतो, आणि लिंबू चोळूनसुद्धा संध्याकाळच्या वरणभाताच्या घासाबरोबर नाकाशी येतो. नोव्हेंबरभर माझे कामाचे कपडे गॅरेजच्या पलीकडे येत नाहीत. हा आमच्या घरातला एकमेव लेखी करार आहे, दारावर चिकटवलेला.

नदी कशी आहे म्हणाल तर शहराच्या मधून जाणारी, ओळखीची, घरगुती. सिएरा नेवाडाच्या डोंगरातून तिच्या तीन शाखा येतात. त्यातल्या दक्षिणेकडच्या शाखेवर, कोलोमाला, जानेवारी 1848 मध्ये सोनं सापडलं आणि कॅलिफोर्नियाचं नशीब बदललं. पुढे यंत्रांनी नदीकाठ उकरून सोनं काढलं, त्या उपशाचे गोट्यांचे ढीग अजून काठाने पसरलेले आहेत. 1950च्या दशकाच्या मध्यावर फॉल्समचं मोठं धरण झालं, त्याच्या खाली निंबसचं छोटं. डोंगरातल्या तिन्ही शाखा माशांना कायमच्या बंद झाल्या. आता निंबसपासून सॅक्रामेंटो नदीच्या संगमापर्यंतचे 23 मैल, म्हणजे सदतीस किलोमीटर, एवढीच नदी त्यांच्या वाट्याला. अंडी घालण्याजोगी खडी त्यातही मुख्यतः वरच्या थोड्या मैलांत.

आणि ती खडीसुद्धा आपोआप येत नाही. धरणाने पाणी अडवलं तसे वरून वाहून येणारे गोटेही अडवले. पाणी सुटतं, गोटे सुटत नाहीत. मग अधूनमधून ट्रक भरभरून धुतलेली खडी आणतात आणि लोडरने नदीत पसरतात. सेलर बार नावाच्या काठावर हे काम पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, रस्ता करतायत. माप ठरलेलं: सुपारीपासून लिंबा-संत्र्यापर्यंत. त्याहून मोठा गोटा मादीच्या शेपटीने हलत नाही, त्याहून बारीक रेती असली तर अंड्यांना पाण्यातला प्राणवायू मिळत नाही. जंगली म्हणवणारा हा मासा ट्रकने आणलेल्या खडीवर बाळंत होतो. मला हे विचित्र वाटायचं बंद झालं त्याला बरीच वर्षं झाली, पण नवीन माणसाला सांगताना अजून थोडं अवघडल्यासारखं होतं.

काठाने सायकलींचा रस्ता आहे. आम्ही तराफा लावून कापाकापी करत असलो की माणसं थांबतात. "कशाने मेले?" हा प्रश्न ठरलेला, आणि विचारताना चेहऱ्यावर आधीच संताप असतो. कारखान्याचं नाव ऐकायची तयारी असते. "म्हातारपणाने," म्हटलं की जरा हिरमुसतात. दुसरा प्रश्न, एवढी घाण तुम्ही उचलून का नेत नाही? कारण ती घाण नाही. गिधाडं, सीगल, रॅकून, पाणमांजरं सगळी यावर हिवाळा काढतात. समुद्रातून अंगावर वाहून आणलेला नायट्रोजन मासा नदीकाठच्या मातीला देऊन जातो. इथून दक्षिणेला मोकेलम्नी नदीकाठच्या द्राक्षबागांच्या पानांतला नायट्रोजन तपासला, तेव्हा त्यातला काही भाग सामनमधून आलेला निघाला. 2006 साली हे छापून आलं. वाइनवाल्यांनी अजून त्याची जाहिरात कशी केली नाही याचं नवल वाटतं.

आता एक मादी नीट दाखवते. आकडीने तिला उथळ पाण्यातून ओढून तराफ्यावर घेतली. तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या खाचेपर्यंत लांबी घेतली. शेपटीची खालची कड पांढरी पडलेली, कातडी सोलून काटे उघडे झालेले, म्हणजे हिने खणलं आहे. मादी आडवी होऊन शेपटी खडीवर आपटते, गोटे उडतात, प्रवाह ते खाली नेतो आणि खळगा तयार होतो. त्यात अंडी, वर नराचं बीज, मग जरा वरच्या अंगाला सरकून पुन्हा खणायचं, की तीच खडी आधीच्या अंड्यांवर पांघरली जाते. हे सगळं शेपटीने. पोटाला चीर दिली. आत मोजकी दहा-बारा अंडी, चुकून राहिलेली. जोडीदारणीला ओरडून सांगितलं, "घातली." तिने रकान्यात खूण केली.

कधी कधी चीर देताच गाबोळीच्या दोन्ही लगडी अखंड बाहेर येतात. मादीच्या पोटात साधारण पाच हजार अंडी असतात, नारिंगी, टपोरी. अलिबागला हे बघून घरात आनंद झाला असता. इथे त्याचा अर्थ, ही इथवर आली आणि वीण न होताच गेली. कमी पावसाच्या वर्षी फॉल्समच्या जलाशयातलं तळचं गार पाणी शरद ऋतू सरायच्या आधीच संपत येतं. नदी कोमट राहते. मासे खोल डोहांत वाट बघत थांबतात आणि काहींची चरबी पाणी थंड होण्याआधी संपते. अंड्यांना तर साधारण तेरा अंशांच्या वर पाणी गेलं की धोका सुरू. त्या रकान्यात "नाही" लिहिताना आम्ही दोघी एकमेकींकडे बघत नाही. बोलण्यासारखं काही नसतं आणि पुढचा मासा दिसत असतो.

सगळ्यात महत्त्वाचा रकाना मात्र वेगळाच आहे. पाठीवरच्या मोठ्या पराच्या मागे, शेपटीच्या अलीकडे, सामनला एक छोटासा मांसल पर असतो. हाडं नाहीत, काटे नाहीत, नुसता बोटाच्या पेराएवढा लोंबता तुकडा. धरणाला लागूनच हॅचरी, म्हणजे अंडी उबवून पिल्लं वाढवायचं केंद्र, आहे. डोंगरातली नदी गेली त्याची भरपाई म्हणून ती बांधली, आणि तिथून वर्षाला चाळीस लाखांच्या घरात पिल्लं सोडायचं लक्ष्य असतं. त्यातल्या काहींचा हा पर कापतात आणि नाकाडात 1.1 मिलिमीटर लांबीची, आकडे कोरलेली पोलादी तार घालतात. पर कापलेला मासा सापडला की आम्ही त्याचं डोकं धडावेगळं करतो, पिशवीत घालतो, चिठ्ठी बांधतो. प्रयोगशाळेत ती तार काढून भिंगाखाली वाचली की कळतं कुठल्या हॅचरीचा, कुठल्या सालचा, कुठे सोडलेला.

मग सोपं झालं ना? पर कापलेला तो हॅचरीचा, पर शाबूत तो जंगली? इथेच गंमत आहे. 2007 पासून कितीतरी वर्षं या खोऱ्यातल्या हॅचऱ्या शरदातल्या चिनूकच्या चारातल्या एकाच पिल्लाचा पर कापत आल्या. उरलेले तीन अखंड परानिशी समुद्रात गेले. संख्याशास्त्राला चारात एक पुरतो, गुणाकार करून आकडा बसवता येतो. पण माझ्या हातातल्या या एका, पर शाबूत असलेल्या माशाबद्दल मला काहीही सांगता येत नाही. मी ज्यांच्यासाठी नोकरीला आहे ते जंगली सामन, आणि जंगली कुठला हे मला डोळ्यांनी दिसत नाही. पाहुण्यांना नदीवर नेलं की ते बोट दाखवून विचारतात, "तो जंगली का?" मी "असेल" म्हणते. प्रामाणिक उत्तर तेवढंच आहे.

उत्तर असतं ते माशाच्या डोक्यात. सुरी आडवी धरून कवटीचा वरचा भाग टोपणासारखा उडवायचा, मेंदूच्या बाजूला चिमटा घालायचा, आणि कानातला खडा अलगद बाहेर काढायचा. दोन्हीकडे एकेक. चुनखडीचा, मसुराच्या दाण्यापेक्षा फार मोठा नसलेला, फिकट. थंडीने बोटं आखडलेली असताना हे जमायला सराव लागतो. खडा पुसून छोट्या नळीत, नळीवर नंबर. माझं काम इथे संपतं.

पुढचं मी दुसऱ्यांच्या सूक्ष्मदर्शकातून पाहिलं आहे. खडा घासून पातळ केला की आत वलयं दिसतात, पिल्लू लहान असताना जवळपास रोज एक. प्रत्येक नदीखालचा खडक निराळा, म्हणून पाण्यातल्या स्ट्रॉन्शियमच्या दोन प्रकारांचं प्रमाणही निराळं, आणि ते त्या त्या दिवसाच्या वलयात जमा होतं. त्यावरून मासा कुठल्या नदीत वाढला, कधी निघाला, वाटेत कुठे रेंगाळला हे वाचता येतं. हॅचरीतल्या पिल्लाचं अंगचं बलक संपलं की एके दिवशी अचानक भरपेट खाद्य सुरू होतं, त्या जागी ठसठशीत रेघ उमटते, आणि पुढची वलयं एकसारखी. नदीत जन्मलेल्याच्या खड्यात ती रेघ इतकी ठळक नसते आणि पुढची वलयं वेडीवाकडी असतात. कधी जवळजवळ, कधी लांब. कधी खायला मिळालं, कधी नाही. मला सूक्ष्मदर्शक दाखवणाऱ्या बाईंनी एका जागी पेन्सिल टेकवली, जिथे वलयं दाटीने आली होती. "हे दिवस वाईट गेले त्याचे," म्हणाल्या. तो मासा त्यातून तरून समुद्रात गेला, मोठा झाला आणि परत आला. तेवढ्या रेघोट्या बघताना मला जंगली म्हणजे काय ते पहिल्यांदा कळल्यासारखं झालं.

याच पद्धतीने एका अभ्यासात मध्य कॅलिफोर्नियाच्या समुद्रात पकडलेले चिनूक तपासले होते. 2007 साली तो प्रसिद्ध झाला. त्यातले नदीत जन्मलेले निघाले सुमारे दहा टक्के. दहा! म्हणजे बोटीवरच्या बर्फात पडलेल्या दहा माशांत नऊ हॅचरीचे. हॅचरीला शिव्या घालणं सोपं आहे, आणि आमच्यातले काही तरुण ते मन लावून करतात. मला पटत नाही. ती बंद केली तर उद्या समुद्रात मासेमारी करायला काय उरेल हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारलेला नसतो. पण हेही खरं की दुष्काळात पिल्लांना ट्रकने थेट खाडीच्या तोंडाशी नेऊन सोडतात, त्यामुळे ती नदीचा वास शिकत नाहीत आणि मोठी झाल्यावर भलत्याच नदीत शिरतात. मग तिथल्यांशी मिसळतात. पिढ्यान्पिढ्या असं झालं की या नदीचा असा वेगळा मासा राहतच नाही.

त्यात समुद्रातलं नवीन लचांड. 2020च्या सुमारास हॅचऱ्यांतली पिल्लं गोल गोल फिरायला लागली, एका कुशीवर पडायला लागली. कारण निघालं ब-1 जीवनसत्त्वाची कमतरता. सामन त्या काळात समुद्रात जवळजवळ नुसत्या अँकोव्हीवर जगत होते. अँकोव्ही म्हणजे आपल्या मांदेलीच्या कुळातली. तिच्यात ब-1 मोडणारं एक विकर असतं. आईच्या अंगात नाही म्हणून अंड्यात नाही, म्हणून पिल्लात नाही. हॅचरीतल्या माद्यांना इंजेक्शन देता आलं. नदीतल्यांना कोण देणार?

आमच्या रकान्यांचं पुढे काय होतं ते सांगायला हवं, कारण त्यावर बरीच माणसं अवलंबून आहेत. चिनूक बहुतेक तीन वर्षांचा होऊन परत येतो. पण काही नर दुसऱ्याच वर्षी, बुटके असतानाच येतात. त्यांना जॅक म्हणतात. गळ टाकणाऱ्याला जॅक लागला की तो तोंड वाकडं करतो. आम्ही मात्र त्याला मिलिमीटरपर्यंत मोजतो आणि वय पक्कं करायला खवले काढून पाकिटात ठेवतो. यंदा जॅक जास्त आले तर त्यांची तीन वर्षांची भावंडं पुढच्या वर्षी समुद्रात जास्त असणार, या अटकळीवर पॅसिफिक फिशरी मॅनेजमेंट कौन्सिल वसंत ऋतूत मासेमारीचा हंगाम ठरवते. सॅक्रामेंटो खोऱ्यात शरदात परतणाऱ्या मोठ्या माशांचं उद्दिष्ट 1 लाख 22 हजार ते 1 लाख 80 हजार असं आहे. 2022 मध्ये आले त्याच्या निम्मे, 62 हजारांच्या आसपास. 2023, 2024 आणि 2025 अशी सलग तीन वर्षं कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर सामनची व्यावसायिक मासेमारी बंद राहिली. 2008 आणि 2009 मध्येही बंद होती. हातभर लांबीच्या, कुणाला नको असलेल्या माशाच्या मोजमापावर कुणाच्या तरी बोटीचे हप्ते अडकलेले असतात.

म्हणून शून्य लिहायला मी हट्टाने शिकवते. नवीन पोरं येतात, उत्साही, बहुतेक नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली. दिवसभर पावसात एखादा टप्पा पालथा घातला आणि काहीच सापडलं नाही की त्यांना वाटतं, दिवस फुकट गेला, आणि रकाना कोरा सोडतात. कोरा रकाना म्हणजे कुणी गेलंच नाही. शून्य म्हणजे गेलो, शोधलं, नव्हते. मार्चमध्ये टेबलाभोवती बदामाच्या बागांवाले, शहरांचे पाणीवाले, कोळी आणि सरकारी वकील बसतात, तेव्हा पहिला हल्ला आकड्यांवर होतो. कोरा रकाना तिथे ज्याच्या त्याच्या सोयीने भरला जातो. शून्याला तसं वाकवता येत नाही.

घरी हे बोलताना मला वलगण आठवते. मृगाच्या पहिल्या सरींना ओढे भरले की खाडीतले, नदीतले मासे उलटे चढून शेतांत शिरायचे, गाबोळीने भरलेले. रात्री बत्त्या घेऊन सगळं गाव बांधावर. काका पाग टाकायचे, आम्ही पोरं टोपल्या धरायचो. दुसऱ्या दिवशी घराघरातून चिवणीच्या कालवणाचा वास. यात दोष द्यायला मी तयार नाही, पोटभर खाल्लं आहे. आता गावी फोन केला की सगळे म्हणतात, पूर्वीसारखे मासे चढत नाहीत. चढत नसतील. ओढ्यांवर मोऱ्या झाल्या, खाचरांत भराव पडले. पण पूर्वी किती चढत होते? काका म्हणतात, "टोपल्याच्या टोपल्या." चुलतभाऊ म्हणतो, बाबा वाढवून सांगतात. दोघांत निवाडा करायला आमच्या ओढ्याचा एकही कागद नाही. इथे सहा महिन्यांनी नोकरी राहील की नाही याची खात्री नसलेली माझ्यासारखी माणसं पिढ्या बदलत तोच टप्पा, त्याच पद्धतीने चालत आली, म्हणून निदान भांडण कशावरून करायचं ते तरी ठाऊक आहे.

सॅक्रामेंटोच्या बाजूला राहत असाल तर नोव्हेंबरात या. पाणी साठ फॅरनहाइटपर्यंत उतरलं की निंबसला हॅचरीची शिडी उघडतात. मासे काचेपलीकडून उड्या मारत चढताना दिसतात, मुलांना आवडतं. पण त्यानंतर सेलर बारला अर्धा तास तरी काठावर उभे राहा, पोलरॉइड गॉगल असला तर उत्तम. तळाच्या शेवाळलेल्या, काळपट गोट्यांमध्ये मधूनच पलंगाएवढे उजळ पट्टे दिसतील, खडी नुकतीच उलटवल्यासारखे. ती घरटी आहेत. वरून रिकामी दिसली तरी खाली अंडी असतात, आणि पिल्लं बाहेर पडायला काही महिने लागतात. तोपर्यंत त्यावर पाय देऊ नका, आणि कुत्रा बरोबर असेल तर कृपा करून त्याला पाण्यात सोडू नका.